काटा हिरव्या पट्ट्यात होता!

मित्रांनो, कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये, बँकेत, दवाखान्यात, कापडाच्या दुकानात भिंतीला एक लाल सिलेंडर टांगलेलं असतं. आपण रोज त्याच्याजवळून जातो. कधी हात लावून पाहिलंय का? मीही पाहिलं नव्हतं, मेकॅनिकलला असूनही!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हिंगोलीला काकांच्या कापड दुकानात बसत होतो. कॉम्प्लेक्समध्ये एकूण नऊ सिलेंडर, आणि प्रत्येकाला तपासणीचं कार्ड बांधलेलं. काका म्हणाले, "तू इंजिनिअर होणार ना? मग हे कार्डं तूच भर." मी प्रत्येक गेजकडे पाहिलं. काटा हिरव्या पट्ट्यात. तारीख टाकली, सही ठोकली. नऊ सिलेंडर, दहा मिनिटं. काम फत्ते!

तीन आठवड्यांनी शेजारच्या गाळ्यात मीटर बोर्डजवळ ठिणगी उडाली आणि खाली ठेवलेल्या खोक्यांनी पेट घेतला. काकांनी धावत सिलेंडर काढलं, पिन ओढली, दांडी दाबली. फुस्स! नुसता वारा आणि चिमूटभर पावडर. "कामून चालंना रे हे? तूच चेक केलतं ना?" कुणीतरी मेन स्विच पाडला, मी जिन्याजवळचं दुसरं सिलेंडर आणलं आणि आग विझली. पण तोवर काकांचा हात पोळला होता. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. नंतर शोधलं, तेच इथे मांडतोय.

आमचं सिलेंडर एबीसी पावडरचं होतं. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद यांची आग, बी म्हणजे पेट्रोल-तेलाची, सी म्हणजे गॅसची. आत मोनो अमोनियम फॉस्फेटची बारीक पावडर असते आणि तिला बाहेर ढकलायला साधारण १५ बार दाबाचा नायट्रोजन. गेज दाखवतं तो या नायट्रोजनचा दाब. पावडरीची अवस्था ते सांगतच नाही! सर्व्हिसवाल्याने उरलेला दाब सोडून सिलेंडर उघडलं, तर तळाशी पावडरीचा गोळा बसलेला. ओल लागली आणि वर्षानुवर्षं कुणी हलवलं नाही, की पावडर अशी दगडासारखी होते. मग दांडी दाबली की वायू निघून जातो आणि पावडर आतच राहते. म्हणजे वजन बरोबर, काटा बरोबर, तरी सिलेंडर निकामी.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरची गोष्ट उलटी. त्याला गेजच नसतं, आणि ते बरोबरच आहे. आत वायू द्रवरूपात असतो. थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत, तापमान तेच असेल तर, दाब जवळजवळ तेवढाच राहतो. घरची गॅसची टाकी संपत आली तरी शेगडी नीट पेटते, तसंच. म्हणून इथे उपाय एकच, वजन करणं. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्यावर ठोकलेलं असतं. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला असेल तर पुन्हा भरून घ्यायचा. आणि हे सिलेंडर उन्हात ठेवू नये. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, आत दाब झपाट्याने वाढतो. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो!

आता पत्र्याच्या ताकदीचं. पावडरच्या सिलेंडरची दर तीन वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी घेतात. पावडरच्या सिलेंडरला साधारण ३५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब अडीच मिनिटं देतात. गळती नको, फुगवटा नको. हवा सोडून पाणीच का? पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात साठलेली ऊर्जा थोडी असते. पत्रा फाटला तरी बॉम्बसारखा स्फोट होत नाही. थर्मोडायनॅमिक्सचा असा उपयोग मला परीक्षेत कधी सुचला नव्हता!

ही चाचणी, वर्षातून एकदा उघडून पावडर पाहणं आणि भरणं ही कामं सर्व्हिसवाल्याचीच. दाबाखालचं सिलेंडर आपण उघडायचं नाही. आपल्या राज्यात 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' आहे. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची, आणि तसं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिल परिसरात १४ जीव गेले. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. कारणं वेगवेगळी असतील, पण आगीला सुरुवातीची दोन मिनिटं मिळू द्यायची नाहीत, हा धडा एकच.

त्यासाठी महिन्यातून एकदा आपण एवढं करू शकतो:

१) सिलेंडर जागेवर आहे का? समोर खोकी, गठ्ठे रचलेले नाहीत ना?
२) पिन आणि सील शाबूत, काटा हिरव्या पट्ट्यात.
३) नोझल मोकळं आहे का? त्यात कोळ्याचं जाळं, माती बसते.
४) पत्र्याला गंज किंवा पोचा नाही ना?
५) पावडरचं असेल तर उचलून उलटं करा. आत पावडर सरकलेली हाताला कळते. कळली नाही तर सर्व्हिसवाल्याला बोलवा.
६) हे सगळं झाल्यावरच कार्डावर सही.

काकांचा हात आता बरा आहे. ते मला काही बोलले नाहीत. पण दिवाळीला गेलो तेव्हा नऊही सिलेंडर मी एकेक करून उलटे केले. पाऊण तास लागला. शेवटच्या कार्डावर सही करताना काका मागे उभे होते. म्हणाले, "आता झाला खरा इंजिनिअर."

मित्रांनो, आपण पुढे कितीतरी कागदांवर सह्या करणार आहोत. हा लेख वाचून झाला की कॉरिडॉरमधलं ते लाल सिलेंडर एकदा उचलून तर बघा!