लाईट गेली, जनरेटर आणला. पण ठेवायचा कुठं अन् जोडायचा कसा?

वळवाच्या वाऱ्यात तारांवर झाड पडलं किंवा डीपी जळाली, की गावात दोन-दोन दिवस अंधार. टाकीत पाणी नाही, जनावरं तहानलेली, मोबाईल बंद. म्हणून आता बऱ्याच घरांत छोटा पेट्रोल जनरेटर येऊ लागलाय. सोय चांगली आहे, पण चुकीचा वापर जीवावर बेततो.

आधी गरज मोजा

चार एलईडी बल्ब, दोन पंखे, टीव्ही आणि मोबाईल चार्जिंग एवढाच वापर असेल तर लोड ३०० वॅटच्या आत बसतो. त्याला इन्व्हर्टर पुरतो, जनरेटर लागत नाही.

मोटार चालवायची असेल तर हिशेब बदलतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. प्रत्यक्षात मोटार त्याहून जास्त ओढते आणि सुरू होताना तर कितीतरी पट. त्यामुळं १ केव्हीएचा जनरेटर ती उचलत नाही. घरच्या १ एचपी मोटारीला साधारण ३ केव्हीए धरा. शेतातली थ्री फेज मोटार सिंगल फेज जनरेटरवर चालत नाही, हे विकत घेण्याआधीच लक्षात घ्या.

घरात, ओसरीवर, गोठ्यात नको

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत झोपलेला माणूस झोपेतच जातो. खिडकी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा, सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला करा. पाऊस असेल तर वर पत्रा चालेल, पण चारी बाजू मोकळ्या हव्यात. डोकं दुखू लागलं, चक्कर आली, मळमळलं, तर लगेच मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा.

दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर नको

काही जण अशी वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतात. मग करंट मीटरमधून उलटा तारांवर जातो. डीपीवर ११ हजार व्होल्टचे २३० होतात, तसे उलट्या बाजूनं २३० चे ११ हजार होतात. लाईन बंद आहे असं समजून पोलवर चढलेला वायरमन आपल्याच गावचा असतो. वर लाईट अचानक आली तर जनरेटरही जळतो. म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्या. ते होईपर्यंत जाड एक्स्टेंशन वायरनं उपकरणं थेट जनरेटरला जोडा.

वापरताना

पेट्रोल टाकण्याआधी जनरेटर बंद करून १५ मिनिटं थंड होऊ द्या. गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं की पेट घेतं. ओल्या हातानं हात लावू नका. ऑईल दरवेळी बघा. महिन्यातून एकदा १० मिनिटं लोडवर चालवा, नाहीतर गरजेच्या दिवशी दोरी ओढून खांदा दुखेल.

पेट्रोल वाचवायचं तर जनरेटर दिवसभर चालवू नका. सकाळ-संध्याकाळ एक तास लावा, त्यात टाकी भरा, मोबाईल अन् बॅटरी चार्ज करा आणि बंद करा. तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, १९१२ वर कळवा.