चोर्ला उतरून फेणीच्या भट्टीवर: बाईकवाल्यांनी आधी काय ठरवावं?

मार्च लागला की बेळगावातल्या बाईक ग्रुपांवर एकच विषय असतो: उर्राक आली का? पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हापासून ‘ब्रुअरी बघायला राईड’ हा प्रकार तिकडे रुजला. आपल्याला मात्र तीन-साडेतीनशे किलोमीटर जायची गरज नाही. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरला की केरी लागते, म्हणजे सत्तरी तालुका. काजूचे डोंगर इथूनच सुरू होतात, आणि हंगामात भट्ट्याही.

भट्टी बघायची तर मार्च ते मे. इतर वेळी गेलात तर रिकामी मडकीच दिसतील.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचं काम बघण्यासारखं आहे. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच वेचतात. बी पिळून वेगळी काढतात आणि बोंडू दगडी कुंडीत पायांनी तुडवतात. चोथ्याचा ढीग वेलीने बांधून वर दगड ठेवला की थेंब थेंब गळतो तो नीरो. थंडगार नीरो प्यायला गोड लागतो. ताजा असेल तर त्यात नशा नाही, बाईक चालवणाऱ्याने बिनधास्त प्यावा. तुडवून निघालेला रस दोन-तीन दिवस तसाच आंबवतात, वरून यीस्ट वगैरे काही घालत नाहीत. मग भाणात उकळून वाफ थंड करतात. पहिल्या धारेची ती उर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलची. उर्राक रसात मिसळून पुन्हा उकळली की फेणी, ४२ टक्क्यांच्या पुढची. याच काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आपल्या चंदगड-दोडामार्गात तेच बोंडू बहुतेक काजूखालीच कुजून जातात, हे बघून वाईट वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. उर्राक फसवी आहे. लिंबू, सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची घातली की सरबतासारखी जाते. ‘हलकी आहे रे, काही होत नाही,’ असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच. हिशोब करा: उर्राकचा शंभर मिलीचा पेला म्हणजे फेणीच्या तीस मिलीच्या पेगाहून थोडा जास्तच. असे तीन पेले झाले की तीन पेग झाले.

कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण चोर्ल्याच्या वळणावर पोलिसापेक्षा समोरून येणारा ट्रक आणि रस्त्यात बसलेली गुरं जास्त धोक्याची.

म्हणून राईड दोन दिवसांची ठरवा. सकाळी निघा, दुपारी शुद्धीत राहून भट्टी बघा, गाडी मुक्कामी लावून चावी खोलीत टाका, आणि मगच पेला हातात घ्या. दुसऱ्या सकाळचंही गणित आहे. शरीराला एक पेग पचवायला तासाहून जास्त लागतो. रात्री नऊला बसून बारापर्यंत आठ पेग झाले असतील, तर सकाळी सहाला रक्तात दारू असतेच. कडक चहा, थंड पाण्याची अंघोळ, लिंबू यांनी झोप उडते, दारू उतरत नाही. आमच्यातला एकजण असाच पहाटे ‘एकदम फ्रेश’ म्हणून निघाला आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर खडीवर घसरला. कोपर सोलण्यावर निभावलं. तेव्हापासून आम्ही नाश्ता करून, अकराच्या आत कुणी किल्ली मागायची नाही, असंच ठरवून टाकलंय. ज्याला एका दिवसात परत यायचंय त्याने नीरोवर समाधान मानावं किंवा सरळ कदंबाने जावं.

भट्टी हे कुणाचं तरी घर आणि रोजगार असतो. आधी विचारून आत जा, फोटोही विचारूनच काढा, आणि चुलीजवळ सिगरेट पेटवू नका. तिथली वाफ पेट घेते.

राहता राहिली बाटली. गोव्याची दारू परवान्याशिवाय राज्याबाहेर आणणं कर्नाटकातही गुन्हा आणि महाराष्ट्रातही. कणकुंबीच्या नाक्यावर साईड बॅगा उघडून बघतात. घरी न्यायचीच असेल तर परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्या आणि परवाना कसा व किती बाटल्यांना मिळतो ते निघण्यापूर्वी अबकारी खात्याकडे विचारा. प्लास्टिकच्या कॅनमधली सुटी उर्राक तर आणूच नका. तशीही ती फार दिवस टिकत नाही.