राहुकाळाचा हिशेब

कोणत्याही गुरुवारी मोबाइलवरचं पंचांग उघडा. दुपारी साधारण दीड ते तीनच्या पुढे लाल अक्षरांत 'राहुकाळ' लिहिलेलं दिसेल. त्याच पंचांगात चौघडिया, म्हणजे चांगल्या-वाईट वेळांचं दुसरं कोष्टक, पाहा. त्याच दीड तासापुढे लिहिलेलं असतं 'अमृत'. मंगळवारी तीन ते साडेचारला पुन्हा तसंच: एका कोष्टकात राहुकाळ, दुसऱ्यात 'शुभ'. दोन्ही कोष्टकं एकाच सूर्योदयापासून मोजलेली, दिवसाचे तेच आठ भाग पाडून केलेली. मग नव्या कामाला तीच वेळ घातक आणि तीच अमृतासमान कशी? हा प्रश्न घराघरांत पडत नाही, कारण ज्या घरात जे कोष्टक रुळलं तेवढंच पाहिलं जातं. चौघडिया गुजरात-राजस्थानकडच्या व्यापारी पेठांत जास्त चालतो, राहुकाळाचं मोठं प्रस्थ दक्षिणेत. आपल्याकडे आता दोन्ही एकाच पडद्यावर येऊन बसले आहेत.

राहुकाळ काढण्याची रीत सोपी आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ सारखे भाग करायचे. त्यांतला सोमवारी दुसरा, मंगळवारी सातवा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, शुक्रवारी चौथा, शनिवारी तिसरा आणि रविवारी आठवा भाग राहूचा. 2, 7, 5, 6, 4, 3, 8. या आकड्यांत काही क्रम सापडतो का ते पाहा. राहुकाळासारख्याच वर्ज्य मानलेल्या गुलिककाळाला निदान क्रम तरी आहे. वाराच्या स्वामीपासून सुरुवात करून दिवसाचे भाग वारांच्या क्रमाने सात ग्रहांना वाटत गेलं, की शनीच्या वाट्याला येतो तो गुलिक. म्हणून तो रविवारी सातवा, सोमवारी सहावा असा उतरत शनिवारी पहिल्या भागावर येतो. तिसरा वर्ज्य काळ, यमगंडही याच वाटपातून निघतो, फक्त तो भाग येतो गुरूच्या वाट्याला. ज्या गुरूला हेच शास्त्र सगळ्यांत शुभ ग्रह मानतं, त्याच्याच वेळेला यमाचं नाव! राहूला तर आठवड्यात वारच नाही, त्यामुळे त्याचा भाग या वाटपात कुठे बसतच नाही. दक्षिणेत हे कोष्टक लक्षात ठेवायला सात शब्दांचं एक इंग्रजी वाक्य मुलांकडून पाठ करून घेतात. ज्याला नियम आहे त्याचं उत्तर मांडून काढता येतं. इथे पाठांतराशिवाय इलाज नाही.

आणि हे तिन्ही काळ पाळायचे म्हटले तर? ते कधीच एकमेकांवर येत नाहीत. आठांतले तीन भाग गेले, म्हणजे बारा तासांच्या दिवसातले साडेचार तास रोज वर्ज्य. नुसता राहुकाळ धरला तरी वर्षाचे जवळजवळ साडेपाचशे तास होतात.

ही सगळी इमारत वारांवर उभी आहे, म्हणून वार कुठून आले हे पाहायला हवं. वेदांगज्योतिष या जुन्या ग्रंथात तिथी आहेत, नक्षत्रं आहेत, सात वार नाहीत. मध्य प्रदेशातल्या एरण इथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला एक स्तंभलेख आहे, इसवी सन 484 चा. त्यात गुरुवारचा उल्लेख येतो, आणि भारतातल्या कोरीव लेखांतला वाराचा हा सर्वांत जुना उल्लेख मानतात. वारांचा क्रम ठरतो होऱ्यांवरून, म्हणजे तासांवरून. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशी ग्रहांची उतरंड लावायची, दिवसाचे चोवीस होरे त्यांना ओळीने वाटायचे, आणि पहिला होरा ज्याचा त्याचं नाव त्या दिवसाला द्यायचं. चोवीसला सातने भागलं की बाकी तीन उरते, म्हणून दर दिवशी आपण तीन घरं पुढे सरकतो: शनीवरून रवीवर, रवीवरून चंद्रावर, चंद्रावरून मंगळावर. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 1896 सालचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा ग्रंथ मराठीत आहे. पंचांगाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. पंचांगाची एकेक गोष्ट कुठून आली हे शोधून पाहण्याची वृत्ती आपल्या भाषेत तेव्हापासून आहे.

म्हणजे वार हा माणसाने माणसांच्या सोयीसाठी केलेला करार. आकाशात सोमवार कुठे दिसत नाही. प्रशांत महासागरातल्या सामोआ देशाने 2011 साली व्यापाराच्या सोयीसाठी आंतरराष्ट्रीय वाररेषेची दुसरी बाजू धरली. तिथे 29 डिसेंबरचा गुरुवार संपला आणि 31 डिसेंबरचा शनिवार उजाडला. मधला शुक्रवार सरकारी निर्णयाने गेला, आणि त्या शुक्रवारचा राहुकाळही. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी नेहमीप्रमाणे फिरत राहिले.

वर्तमानपत्रांत आणि दिनदर्शिकांत छापतात ते कोष्टक तर स्वतःचाही नियम पाळत नाही. 'सोमवार 7.30 ते 9' हे गणित सूर्य बरोबर सहाला उगवतो आणि सहालाच मावळतो असं धरून केलेलं. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातला उगवतो आणि सहा-वीसच्या सुमाराला मावळतो. मग एक भाग येतो 83 मिनिटांचा आणि सोमवारचा राहुकाळ साधारण 8.38 ते 10 असा पडतो. साडेसातला घराबाहेर पडायचं टाळून नवाला निर्धास्त निघालेला माणूस त्याच्याच शास्त्राप्रमाणे ऐन राहुकाळात निघालेला असतो. मुंबई आणि गडचिरोली यांच्या सूर्योदयांत जवळपास अर्ध्या तासाचं अंतर असतं, ते वेगळंच. शिवाय घड्याळही बदललं. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती जुन्या मुंबई वेळेच्या 39 मिनिटं पुढे. आता मोबाइल आपण उभे आहोत त्या गावाचा सूर्योदय घेऊन राहुकाळ मिनिटापर्यंत काढून देतो. त्या अचूकतेने लोकांचा विश्वास वाढतो, पण अचूक आहे तो सूर्योदय. सोमवारी दुसराच भाग का, या प्रश्नाला मोबाइलकडेही उत्तर नाही.

आता खुद्द राहू. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. ही दोन वर्तुळं जिथे छेदतात त्या दोन बिंदूंना आपल्या ज्योतिर्गणिताने राहू आणि केतू म्हटलं. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ झाली तरच ग्रहण लागतं. राहू उलट दिशेने सरकत 18.6 वर्षांत एक फेरी पुरी करतो. ग्रहण ही सावली आहे, हे आर्यभटाने 499 सालच्या ग्रंथात स्पष्ट सांगितलं. हा राहू मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्यामुळे आपले पूर्वज ग्रहणं आधी वर्तवू शकले. पण अठरा वर्षांत एक फेरी करणारा हा बिंदू दर सोमवारी सकाळी दीड तास कामांवर येऊन बसतो, याला त्याच गणितात तसूभर जागा नाही.

हे सगळं तपासायला आणखी एक जागा आहे, शेअर बाजार. तो सव्वानऊ ते साडेतीन चालतो. शुक्रवारच्या राहुकाळात, साडेदहा ते बारा या वेळेत, रोजच्यासारखेच असंख्य सौदे होतात, आणि प्रत्येक सौद्यात त्याच क्षणी एक जण घेतो, एक विकतो. भाव वर गेला तर एकाचं साधलं, खाली आला तर दुसऱ्याचं. वेळ वाईट असेल तर ती दोघांनाही वाईट हवी.

माझी एक मावसबहीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिने सांगितलेली एका शुक्रवारची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बाळाचे ठोके मंदावत होते, शस्त्रक्रियेची तयारी झाली होती, आणि बाळंतिणीच्या सासूबाई दारात उभ्या राहून विनवत होत्या, "मॅडम, साडेदहा वाजून गेलेत हो. बारापर्यंत थांबता नाही का येणार?" बहीण म्हणाली, "आजी, तुमचं नातवंड थांबायला तयार नाही," आणि आत गेली. बाळ सुखरूप आलं. त्या सासूबाईंच्या मनात मायाच होती, म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. या मायेला भीती घालणारं कोष्टक त्यांच्या हातात दिलं कोणी? ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये मुहूर्तासाठी दिवस अलीकडे ओढायचे, हा प्रकारही सर्रास चालतो. एकोणचाळीस आठवडे भरण्याआधी विनाकारण बाहेर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. तिथे घड्याळाची किंमत बाळ मोजतं.

'पाळलं तर बिघडतं काय?' हा नेहमीचा सवाल. अपघात झालेल्या माणसाला हलवायचं असतं तेव्हा बिघडतं. मुलाखतीला वेळेवर पोचायचं असतं तेव्हा बिघडतं. काम बिनसलं की वेळ आठवते, राहुकाळातच सुरू होऊन सुरळीत पार पडलेली कामं कोणी मोजत नाही.

आपल्या महाराष्ट्रात साडेतीन मुहूर्त मानतात: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा मुहूर्त बलिप्रतिपदा, म्हणजे आपला दिवाळी पाडवा. या दिवशी मुहूर्त पाहायचाच नसतो, दिवसच चांगला, असं आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. आणि आता दसऱ्याला नव्या गाडीचे पैसे भरून झालेले, हार घातलेला, पेढे वाटलेले, तरी माणसं शोरूमच्या खुर्च्यांवर बसून राहुकाळ संपायची वाट पाहतात. येत्या पाडव्याला घरात कोणी असं थांबवलं, तर त्यांच्यासमोर राहुकाळाचं आणि चौघडियाचं कोष्टक शेजारी-शेजारी ठेवा. वाद घालू नका, दोन्ही मोठ्याने वाचायला सांगा.