नळीतलं शेपूट आणि भ्यालेलं कुत्रं

सोयाबीन निघालं की रिसोडच्या बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रीघ लागते आणि त्या गर्दीच्या कडेकडेने कुत्री फिरत असतात, हमालांच्या डब्यातला चतकोर तुकडा मिळेल या आशेवर. भुरी त्यांच्यातलीच. मागच्या पायाला कधीतरी तारेचा फास बसलेला, जखम ओली, आणि जवळ जाणाऱ्या प्रत्येकाला दात दाखवणारी. "चावरी आहे, तिच्या नादी लागू नका," असं मला तिथल्या पाच-सहा जणांनी तरी सांगितलं. तिला घरी आणल्याला आता तीन वर्षं होतील. या काळात शेजारी, पाहुणे, वावरातली माणसं, सगळ्यांकडून तीच ती वाक्यं ऐकली. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्यातली बहुतेक वाक्यं खरी नाहीत. आणि त्या वाक्यांपायी कितीतरी कुत्री दगड खाऊन मरतात.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच"

शेपटाचा बाक हाडात असतो. स्वभावाचं तसं नाही. कुत्र्याचं पिलू साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख करून घेतं. माणसाचा हात, फटफटीचा आवाज, लहान पोरं, यांतलं काय भलं आणि काय वाईट ते याच दिवसांत मनात बसतं. ज्याला या काळात माणसाकडून फक्त "हाड" आणि दगडच मिळाले, त्याला माणूस म्हणजे धोका हेच ठाऊक असतं. ही शिकलेली गोष्ट आहे. तिच्यावर नवी गोष्ट शिकवता येते, फक्त वेळ लागतो.

याचा सगळ्यात मोठा दाखला अमेरिकेतला आहे. २००७ साली मायकेल विक या नामवंत फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियातल्या जागेवर छापा पडला आणि झुंजींसाठी ठेवलेली ५१ पिटबुल कुत्री ताब्यात घेतली गेली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या बड्या संस्थांनीसुद्धा तेव्हा, ही सुधारणार नाहीत, मारून टाका, असाच सल्ला दिला होता. न्यायालयाने मात्र प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी करायला लावली. त्यातली ४७ वाचली. जी फार अवघड वाटत होती अशी २२ युटा राज्यातल्या 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेकडे गेली, बाकीची घरोघरी सांभाळायला दिली गेली. काही पुढे रुग्णालयात आजारी माणसांना सोबत द्यायला जाऊ लागली. जन्मभर झुंजी आणि साखळी पाहिलेली ही कुत्री होती.

आणखी एक आकडा सांगतो. 'एएसपीसीए' या अमेरिकी संस्थेचं नॉर्थ कॅरोलिनात एक केंद्र आहे. माणूस दिसला तरी कोपऱ्यात थिजून बसणाऱ्या कुत्र्यांसाठीच ते चालवतात. त्यांनी अशा ४४१ कुत्र्यांची नोंद ठेवली. साधारण ८६ टक्के कुत्री घरात राहण्याजोगी झाली, आणि त्याला सरासरी तीन महिने लागले. उरलेली झाली नाहीत, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्याकडे शेवटी येतो.

"दोन रट्टे दिले की सरळ येतं"

हा गैरसमज सगळ्यात घातक, म्हणून त्यावर जरा थांबतो.

मारण्यामागे एक जुनी समजूत आहे: कुत्रं लांडग्याच्या कुळातलं, कळपात एक म्होरक्या असतो, म्हणून घरात आपणच म्होरक्या आहोत हे त्याला दाखवून द्यायचं. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली कोंडलेल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून ही कल्पना निघाली. डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. पण याच मेक यांनी पुढे रानातल्या मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं माग काढला आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंबच. तिथे म्होरकेपणासाठी रोज मारामाऱ्या होत नाहीत. ज्याने गोष्ट पसरवली त्यानेच ती मागे घेतली, तरी आपल्याकडे अजून कुत्र्याला उलथं पाडून मान दाबणारे लोक भेटतात.

मारल्याने होतं काय? कुत्रं गप्प होतं, हे खरं. पण ते शिकतं एवढंच की माणूस जवळ आला की दुखतं. गुरगुरणं म्हणजे त्याचं "लांब राहा" हे सांगणं. त्याबद्दल मार बसला तर पुढच्या वेळी ते सांगत नाही, थेट चावतं. "काही नव्हतं हो, अचानक चावलं," असं ज्या कुत्र्याबद्दल ऐकू येतं, त्याचं गुरगुरणं बहुधा आधीच कुणीतरी मारून बंद पाडलेलं असतं.

भुरीच्या बाबतीत पहिली चूक माझीच झाली. मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली तिची जागा केली होती. जवळ जायचं नाही एवढं मला कळत होतं. म्हणून भाकरीची ताटली लांबूनच पुढे सरकवायला कुडाला टेकवलेली एक तुऱ्हाटी हातात घेतली. ती पाहताच भुरी भिंतीला चिकटली, जागीच मुतली, आणि काडी ताटलीला लागायच्या आत तिने तिचे दोन तुकडे केले. माझ्या लेखी ती तुरीची वाळकी काडी होती, तिच्या लेखी ती काठी होती. त्या दिवसापासून अंगणात काठी, खराटा, छत्री, काहीही हातात घेऊन जायचं नाही असं घरात ठरलं. मी ताटली ठेवायचो, तिच्याकडे पाठ करून दहा पावलांवर बसायचो आणि शेंगा सोलायचो. अकरा दिवस ती मी उठून गेल्यावरच जेवली. बाराव्या दिवशी मागून चपचप आवाज आला. मी मान वळवली नाही.

अभ्यासक ज्याला भीतीचा उतारा म्हणतात तो एवढाच आहे. ज्या गोष्टीची भीती, ती इतक्या लांब ठेवायची की कुत्र्याचं तिकडे लक्ष जाईल पण ते खायचं थांबणार नाही, आणि त्याच वेळी त्याला आवडीचं काही द्यायचं. अंतर रोज थोडं थोडं कमी करायचं. कुत्र्याने खाणं सोडलं, तर आपण घाई केली असं समजून मागे सरायचं. गोऱ्ह्याला औताची सवय लावताना आपले शेतकरी त्याला जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात, पहिल्या दिवशी सगळं वावर वखरून घेत नाहीत. भ्यालेलं कुत्रंही धीट आणि शांत कुत्र्याच्या सोबतीने लवकर शिकतं. ज्यांच्या घरी आधीच असं एक जुनं कुत्रं आहे त्यांचं निम्मं काम सोपं होतं.

"प्रेम दिलं की सगळं ठीक होतं"

हा प्रेमळ माणसांचा गैरसमज, आणि यानेही चावे होतात. घरी आणल्या दिवशी अंघोळ, कुरवाळणं, शेजारच्या पोरांची झुंबड, फोटो. कुत्र्याच्या बाजूने पाहा: अनोळखी वास, पळायला वाट नाही, आणि वरून डोक्यावर येणारे हात. पहिले काही दिवस त्याला एक शांत कोपरा, पाणी, ठरल्या वेळी खाणं आणि एकांत, इतकंच हवं असतं. जाणकार ढोबळ मानाने तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सांगतात: आधी धास्ती कमी होते, मग घराची रीत कळते, मग विश्वास बसतो. खूप सोसलेल्या कुत्र्याला वर्षही लागतं.

शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खुश, हेही नेहमी खरं नसतं. ताठ, उंच धरलेलं, झपझप हलणारं शेपूट ताण दाखवतं. जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, या सगळ्या "मला नको" म्हणायच्या रीती आहेत. त्या ओळखता आल्या तर गुरगुरायची वेळच येत नाही. लहान मुलांना हे आधी शिकवा.

"खोडच वाईट आहे"

खोड म्हणण्याआधी दुखणं शोधा. कानातला संसर्ग, सडलेला दात, खरूज, गोचिडांमुळे आलेला ताप, जुना मोडलेला पाय, यांतलं काहीही कुत्र्याला चावरं करतं. भुरीची जखम भरल्यावर तिचं निम्मं गुरगुरणं गेलं. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना ही पहिली पायरी. अवघड दुखणं असेल तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आहे. जखमेत किडे पडले तर रॉकेल किंवा फिनेल ओतू नका, त्याने मांस भाजतं. माणसाच्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नका, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनने कुत्रं दगावू शकतं.

नसबंदीबद्दलही एक समज पक्का आहे, की ती केली की कुत्रं शांत होतं. नसबंदीने पिल्लं थांबतात, माजाच्या काळातल्या मारामाऱ्या आणि भटकणं कमी होतं. ती करायलाच हवी. पण भीतीने चावणाऱ्या कुत्र्याची भीती शस्त्रक्रियेने जात नाही.

"चावरं म्हणजे पिसाळलेलं"

बहुतेक चावरी कुत्री पिसाळलेली नसतात. पण कोणतं आहे हे आपल्याला बघून कळत नाही, म्हणून प्रत्येक चावा गंभीरच धरायचा. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजून खेड्यापाड्यांत आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता लस सुरू होते त्या दिवशी, आणि तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दंडाच्या कातडीत सुई देतात. रक्त निघालं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नसते. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज झालेला माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर रेबीज टाळता येतो.

घरी आणलेल्या कुत्र्याला पहिल्याच आठवड्यात लस टोचून घ्या. पिलाला ती तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, पुढे दरवर्षी.

"तोंडाला जाळी म्हणजे क्रूरपणा"

मळणीच्या वेळी बैलाला मुसकं घालतो, त्यात आपल्याला क्रूरपणा दिसत नाही. ज्यातून कुत्र्याला तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं असं जाळीचं मुसकं दवाखान्यात नेताना सगळ्यांचं रक्षण करतं. आधी आठवडाभर त्या जाळीतच खाऊ द्या, मग ते स्वतःहून तोंड घालतं. क्रूर आहे ती दिवसरात्रीची साखळी. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, त्याच्याकडे चावणं एवढाच उपाय उरतो.

आणि ज्यांचं जमत नाही

काही कुत्री खरंच घरात राहण्याजोगी होत नाहीत. लहान लेकरं असलेल्या घरात, अनेकदा खोल चावे घेतलेलं कुत्रं आणू नये, हे मी कुणालाही स्पष्ट सांगतो. यात दयेची कमतरता नाही. सगळ्याच भटक्या कुत्र्यांना घर हवं असतं असंही नाही. आपल्या गल्लीत चार घरचं खाऊन निवांत जगणाऱ्या कुत्र्याला नसबंदी आणि लस मिळाली तरी पुष्कळ झालं. ते काम २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नगर परिषदेचं आहे, आणि ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे. विष घालणं किंवा ठार मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दत्तक घेण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेला आदेश वाचण्यासारखा आहे. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं तर पालिकेकडे अर्ज करता येतो, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. म्हणून कुत्रं घरी आणण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाला विचारा. एकाचा जरी मनापासून नकार असेल, तर थांबा.