तिसऱ्या तारेचा अर्धा स्वर

गिटारची तिसरी तार जीवरून एफ शार्पवर उतरवली की गिटार ल्यूटसारखी लागते, हे गिटार शिकणाऱ्याला केव्हातरी कुणीतरी सांगतेच. सांगणारा बहुधा पुढचे वाक्यही जोडतो : तिसऱ्या पडद्यावर कॅपो लाव, की झाले ल्यूट. पहिले वाक्य खरे आहे. दुसऱ्याशी माझे कित्येक वर्षांचे भांडण आहे, आणि त्या भांडणातला माझा वकील आहे सोळाव्या शतकातला एक आजारी फ्रान्सिस्कन साधू.

आधी हिशेब. गिटारच्या जाड तारेकडून बारीक तारेकडे यायचे तर तीनदा षड्ज-मध्यमाचे अंतर, मग एकदा षड्ज-गांधाराचे, शेवटी पुन्हा षड्ज-मध्यमाचे. रेनेसाँ काळातल्या ल्यूटवर गांधार बरोबर मधोमध असे : अलीकडे दोन मध्यम, पलीकडे दोन मध्यम. तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरली की गिटारचा गांधारही तिथे सरकतो. एवढेच. स्पेनमध्ये ल्यूटच्या जागी विहुएला वाजे. आकार गिटारसारखा, पण तारांची लावणी ल्यूटची. १५३६ ते १५७६ या काळात त्याच्या संगीताची सात पुस्तके छापली गेली. लुईस मिलानचे पहिले, मग नार्वाएझ, मुदार्रा, वाल्देर्राबानो, पिसादोर, फुएन्याना, आणि शेवटचे दासाचे.

ही पुस्तके स्वरलिपीत नाहीत. सहा रेघा म्हणजे सहा जोडतारा, रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा. तार उतरवलेल्या गिटारवर ती चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची पाने जशीच्या तशी वाजतात. (एक खोडी आहे : मिलानची वरची रेघ म्हणजे बारीक तार, बाकी सगळ्यांची खालची.) न उतरवता वाजवू पाहिले तर मोकळ्या तिसऱ्या तारेचा एफ शार्प त्या तारेवर मिळतच नाही. तो चौथ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर दाबावा लागतो, आणि चौथ्या तारेवर जो दुसरा स्वर लांबवत ठेवायचा होता तो हातचा जातो. तीन आवाजांच्या विणकामातला एक धागा तुटतो. गिटारसाठी ‘सोपे’ करून छापलेल्या आवृत्त्यांत असे तुटलेले धागे पानोपानी आहेत, आणि त्याबद्दल संपादकांना काही वाटत असल्याचे दिसत नाही.

आता कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकाच पडद्यावर दाबून धरणारा चाप. तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की ई चा जी होतो, आणि आजच्या आवृत्त्यांमध्ये ल्यूट जीमध्ये धरण्याचा प्रघात आहे. ६५० मिलिमीटरची तार ५४७ वर येते. एकदम नाजूक, ‘जुना’ आवाज. लोक खूश.

माझा साधू एसिहा गावचा. नाव हुआन बेर्मूदो. आजारपणामुळे त्याचे प्रवचन सुटले आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत तो संगीताकडे वळला. १५४९मध्ये त्याने आपल्या ग्रंथाचा पहिला भाग छापला तो पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला अर्पण करून. तेव्हा गोवाही याच राजाच्या अमलाखाली होता. पूर्ण ‘देक्लारासिओन दे इन्स्त्रुमेंतोस’ १५५५मध्ये ओसूनात छापून आला. त्या काळचा स्पेनमधला सर्वांत मोठा रचनाकार मोरालेस याचे १५५०चे शिफारसपत्र त्यात आहे. ग्रंथ लॅटिनमध्ये नाही, स्पॅनिशमध्ये आहे. विद्या वादकांपर्यंत पोहोचावी, ती गुरूबरोबर मरू नये, ही या माणसाची तळमळ.

बेर्मूदो विहुएलावादकाला सांगतो : स्वतःच्या रचना करायची घाई नको, आधी चांगल्या गायनरचना आकड्यांत उतरव. विल्यांसिकोसारख्या सोप्या गाण्यांपासून सुरुवात, पुढे जोस्कां आणि मोरालेस, अगदी शेवटी गोम्बेर, कारण त्याची वीण विहुएलावर बसवायला फार अवघड. पण गाणे एका पट्टीतले, वाद्य दुसऱ्या, मग कसे उतरवायचे? इथे त्याने जी युक्ती काढली तिच्यावर मी फिदा आहे. त्याने सात विहुएले रेखाटले, प्रत्येक वेगळ्या स्वरावर लावलेला, पडद्यापडद्यावर स्वरांची नावे लिहिलेली. सात वाद्ये विकत घ्यायची नाहीत. हातातले वाद्य तेच. गाण्याला सोयीचे पडेल ते चित्र मनात धरायचे. गाणे हलवायचे नाही, वाद्याचे नाव बदलायचे. काळी एक की पांढरी चार हे गळ्यावर ठरवणाऱ्या आणि दोन्ही ठिकाणी सा लाच सा म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावत बसायची गरज नाही. पट्टी नक्की ठरलेली असलीच पाहिजे हा हट्ट पियानोवर वाढलेल्यांचा.

मिलानही तेच सांगून गेला होता. वाद्य मोठे असेल तर पहिली तार जाड घे, लहान असेल तर बारीक. सोसेल तितकी चढव, मग बाकीच्या तिच्यावरून लाव. स्वराचे नावच नाही. तेव्हा ई वर लागलेली, तिसरी तार उतरवलेली बिनकॅपोची गिटार हा एक मोठा विहुएलाच आहे. लहान हातांना लांबच्या ताणांसाठी किंवा गायकाच्या गळ्यासाठी कॅपो लावायला माझी हरकत नाही. अस्सलपणाच्या नावाखाली तो लावायला आहे.

बेर्मूदोच्याच ग्रंथात मला आणखी जे मिळाले त्यासाठी मी तो शोधत नव्हतो. बेर्मूदो म्हणतो, विहुएलाची पहिली आणि सहावी तार काढून टाका, गिटार तयार. गिटारला त्या दोन लावा, विहुएला तयार. त्या वेळी गिटार चार जोडतारांची होती : मध्यम, गांधार, मध्यम. विहुएलात तोच गाभा, वर एक आणि खाली एक मध्यम जोडलेला. पुढे गिटारला पाचवी तार आली ती खाली, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सहावी आली तीही खालीच. म्हणून आपला गांधार बारीक तारांकडे कलून बसला आहे. आजच्या गिटारच्या वरच्या चार तारा म्हणजे बेर्मूदोची गिटार, आणि तिसरी तार उतरवून आपण तोच गाभा एक तार खाली ढकलतो. विहुएला हा गिटारचा पूर्वज आणि मधे केव्हातरी लावणी बिघडली, असे ऐकवणाऱ्यांनी हे पान वाचावे. दोघे शेजारी राहत होते.

तार उतरवण्याचा तोटाही सांगायला हवा. अर्धा स्वर उतरताना ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, आणि नायलॉनची तिसरी तार आधीच जाडजूड, बोदी. ती आणखी बसते. कार्बनची तार घातली तर ती त्याच ताणाला बारीक असते, आवाज उघडा येतो. विहुएलावर तात असे आणि पडदेही ताताचेच, बांधलेले. मिलान काही रचनांपूर्वी चौथा पडदा जरा सरकवून घ्यायला सांगतो. आपल्या गिटारचे पडदे धातूचे, ठोकून बसवलेले. तिथे इलाज नाही.

सुरुवात करायची तर मुदार्राचे १५४६चे सेव्हिलचे पुस्तक घ्या. दहावी फँटसी लुदोविको नावाच्या वादकाच्या हार्पची नक्कल आहे. शेवटाकडे कानाला खटकणारे स्वर येतात, आणि नीट वाजवले तर ते वाईट लागत नाहीत अशी सूचना मुदार्राने स्वतःच दिली आहे. त्याच पुस्तकात चार जोडतारांच्या गिटारसाठी सहा रचनाही आहेत, गिटारसाठी छापलेले जगातले सर्वांत जुने संगीत. त्यांच्यासाठी तिसरी तार पुन्हा जीवर चढवायची आणि वरच्या चारच तारा वाजवायच्या. त्यांतली एक फँटसी मात्र जुन्या लावणीतली आहे. तिच्यासाठी चौथी तार डीवरून सीवर उतरवा.