मरुभूमीतील गुग्गुळ आणि आपली खरेदी

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थानाच्या (काजरी) वनस्पती उद्यानात वैद्याने प्रथम गुग्गुळाचे झुडूप पाहावे, असे आम्ही सुचवितो. काटेरी, वर्षातील बराच काळ पर्णहीन, दिसावयास वाळलेलेच! अधिक निर्यासाच्या लोभाने खोल चिरा दिल्यास ते खरोखरच वाळते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

म्हणून पिंपळगाव राजासारख्या गावी स्वस्त 'गुग्गुळ' आल्यास औषधनिर्मात्यांनी थबकावे. तो सालईचा डिंक असू शकतो. आपल्या सातपुड्यातील सालई, म्हणजे शल्लकी, गुणकारीच. परंतु योगराज गुग्गुळात ती गुग्गुळाची जागा घेऊ शकत नाही. कोमट पाण्यात दुधाळ होण्याच्या परीक्षेवर विसंबू नये, सालईही दुधाळ होते. गुग्गुलस्टेरोनचा प्रयोगशाळा-अहवाल मागावा.