फौजदारी कलम गेले, मुद्रांक शुल्क राहिले

सिंगापूरमध्ये 15 लाख डॉलरचा फ्लॅट घेऊ पाहणारी दोन जोडपी डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत एक जण सिंगापूरचा नागरिक, दुसरा भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करणारा. घर दोघांचेही पहिलेच. पहिले जोडपे नवरा-बायकोचे. त्यांना नेहमीचे मुद्रांक शुल्क भरावे लागते, पण ‘ॲडिशनल बायर्स स्टॅम्प ड्यूटी’ नावाचे जादा शुल्क पूर्ण माफ होते. दुसरे जोडपे दोन पुरुषांचे. त्यांनी लंडनमध्ये रीतसर लग्न केलेले असले, तरी सिंगापूरच्या लेखी ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत. परदेशी खरेदीदारासाठी हे जादा शुल्क एप्रिल 2023 पासून 60 टक्के आहे आणि एकत्र खरेदीत ज्याचा दर जास्त, तोच अख्ख्या किमतीला लागतो. हिशेब 9 लाख डॉलरचा होतो. घर एकट्या नागरिकाच्या नावावर घेतले तर ही रक्कम वाचते, पण मग दुसऱ्याचे नाव मालकीत येत नाही.

या शुल्काच्या नियमांत समलिंगी व्यक्तींबद्दल एक अक्षरही नाही. नियम बोलतात ते पती-पत्नींबद्दल, आणि पती-पत्नी कोण हे ‘विमेन्स चार्टर’ हा 1961 चा कायदा ठरवतो. विवाह देशात झालेला असो वा परदेशात, तो एक स्त्री आणि एक पुरुष यांच्यात नसेल तर रद्दबातल, अशी दुरुस्ती त्यात 1996 मध्ये झाली. करखात्याला वेगळा भेदभाव करावा लागत नाही. तो त्याला आयता मिळतो.

एका हाताने दिले

ब्रिटिशांनी 1938 मध्ये सिंगापूरच्या दंडसंहितेत कलम 377-अ घातले. दोन पुरुषांमधील लैंगिक संबंधांना त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. 2007 मध्ये दंडसंहिता नव्याने तपासली गेली, तेव्हा सरकारने मधला मार्ग काढला: कलम पुस्तकात राहील, पण त्याचा वापर होणार नाही. ही तडजोड पंधरा वर्षे टिकली. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने कलम रद्द केले नाही, मात्र सध्याच्या स्थितीत त्याची अंमलबजावणी करता येणार नाही, असे स्पष्ट केले. पुढच्या एखाद्या खटल्यात समानतेच्या मुद्द्यावर कलम कोसळू शकते, हे सरकारने ओळखले. त्याच वर्षी 21 ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी ते काढून टाकण्याची घोषणा केली.

त्याच भाषणात दुसरी घोषणाही होती. 29 नोव्हेंबर 2022 रोजी संसदेने कलम 93 विरुद्ध 3 मतांनी रद्द केले आणि सोबत राज्यघटनेत अनुच्छेद 156 घातला. हा अनुच्छेद विवाहाची व्याख्या करत नाही. ती करण्याचा अधिकार तो संसदेकडे ठेवतो. स्त्री-पुरुष विवाहाच्या व्याख्येवर बेतलेला कोणताही कायदा वा सरकारी निर्णय मूलभूत हक्कांच्या आधारे अवैध ठरणार नाही, अशी तटबंदी तो करतो. ‘बेतलेला’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. सरकारी घरे, दत्तकविधान यांची चर्चा तेव्हा झालीच. पण पती-पत्नींपुरत्या करसवलतीही त्याच तटाच्या आत येतात.

कुठे किती बोचते

सगळ्याच करांत हा फरक सारखा बोचत नाही. सिंगापूरमध्ये प्राप्तिकर प्रत्येकाचा स्वतंत्र मोजला जातो. कमी उत्पन्नाच्या जोडीदारासाठी मिळणारी वजावट साधारणपणे 2,000 डॉलर आहे. सर्वाधिक 24 टक्के दराने कर भरणाऱ्याचेही त्यातून वर्षाला 480 डॉलरच वाचतात.

वारसा कर 15 फेब्रुवारी 2008 पासून नाही. अमेरिकेत हाच कर निर्णायक ठरला होता. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांनी थिआ स्पायर यांच्याशी 2007 मध्ये टोरांटोत विवाह केला. दोन वर्षांनी थिआ गेल्या आणि संघराज्य सरकारने विंडसर यांच्याकडून 3,63,053 डॉलर वारसा कर घेतला, कारण त्याच्या दृष्टीने त्या पत्नी नव्हत्या. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सिंगापूरमध्ये असा खटला उभा राहायला तो करच नाही. मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराला काहीच मिळत नाही, ही अडचण वारसा कायद्याची आहे.

फरक खरा जाणवतो तो सरकारला लोकांचे कौटुंबिक आयुष्य घडवायचे असते तिथे. 2023 मध्ये सिंगापूरचा एकूण जननदर 0.97 पर्यंत घसरला. जन्म वाढावेत म्हणून पहिल्या मुलामागे 5,000, दुसऱ्यामागे 10,000 आणि तिसऱ्यापासून प्रत्येकी 20,000 डॉलर करातून वळते करून मिळतात. मात्र पालक विवाहित, घटस्फोटित किंवा विधुर-विधवा असावे लागतात. घरांच्या शुल्कातली माफी याच धोरणाचा भाग आहे.

सरकारची बाजू मांडणारे म्हणतात की अविवाहित स्त्री-पुरुषांनाही या सवलती मिळत नाहीत, मग भेदभाव कुठला? मुद्दा खरा आहे, पण अर्धा. ते स्त्री-पुरुष मनात आणले तर नोंदणी करून पात्र ठरू शकतात. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना तो दरवाजाच नाही.

धर्म आणि हिशेब

कलम जाणार याची कुणकुण लागताच चर्चसंघटनांनी विवाहाच्या व्याख्येला संरक्षण मागितले. कॅथलिक आर्चडायोसीसने ते राज्यघटनेतच हवे असा आग्रह धरला. मुस्लिम समाजातही हाच सूर होता. करांच्या बाबतीत हेच सरकार धर्मापासून अंतर राखून वागते. देणगीच्या अडीचपट वजावट मिळते ती ‘इन्स्टिट्यूशन ऑफ अ पब्लिक कॅरेक्टर’ असा दर्जा असलेल्या संस्थांना दिलेल्या देणगीवर, आणि अशा संस्थेचा लाभ एका धर्मापुरता वा वंशापुरता चालत नाही. चर्चमधील उपासनेसाठी दिलेल्या पैशावर ही वजावट नाही. दानाच्या बाबतीत पाळलेले अंतर विवाहाच्या बाबतीत सुटले. सरकार त्याला धर्माचा नव्हे, बहुसंख्य समाजाच्या धारणेचा आधार सांगते.

मुंबईतला प्रश्न

आपल्याकडे दुखणे वेगळ्या जागी आहे. सिंगापूरमध्ये भेटीवर कर नाही. भारतात नातेवाईक नसलेल्याकडून वर्षाला 50 हजार रुपयांहून जास्त भेट मिळाली, तर प्राप्तिकर कायद्यानुसार ती उत्पन्न धरली जाते. पती-पत्नींच्या भेटी त्यातून सुटतात. या तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे काम आपले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले आहे. तरीही एका कराच्या एका कलमापुरता समानतेचा प्रश्न इथे न्यायालयात विचारता येतो.

सिंगापूरमध्ये अनुच्छेद 156 ने हीच वाट बुजवली आहे. उरते ती संसद. व्याख्या राज्यघटनेत नसल्यामुळे ती साध्या बहुमताने बदलता येईल, पण आपल्या कारकिर्दीत ती बदलणार नाही, असे लॉरेन्स वाँग यांनी 2022 मध्येच सांगून ठेवले. मे 2024 मध्ये ते पंतप्रधान झाले आणि मे 2025 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला सुमारे 65 टक्के मते मिळाली. त्यामुळे नजीकच्या काळात घर घेणाऱ्या त्या दुसऱ्या जोडप्याला वकिलापेक्षा मतदारांचेच मन वळवावे लागेल.